एक पैलू खाली

रे रोडच्या पुलाखाली, भंगाराच्या दोन गाळ्यांमध्ये
इस्माईल परकारांचं गॅरेज. पाटी नाही,
नुसतं पत्र्यावर खडूनं:
हॉर्न वाजवू नये, ऐकतोय.

बासष्टची हेराल्ड. फिक्कट निळी,
म्हणजे जिथे रंग उरलाय तिथे.
दोन कार्बोरेटर, जुळे म्हणून जन्मलेले
आणि साठ वर्षांत एकमेकांशी अबोला धरलेले.
कुर्ल्याचा पार्टवाला म्हणाला होता,
"काढून टाका, डॉक्टर. मारुतीचा एकच बसवा.
कटकट नाही, ॲव्हरेज वर बोनस."
पिशवीत घालूनही दिला. मी परत केला.
का, ते त्याला सांगता आलं नाही.
चौतीस वर्षं परळला भूल दिली मी,
एका जिवाला एक नळी पुरते हे मला कळतं.
पण हिला दोन घसे दिलेत कुणीतरी
आणि त्यातला एक बुजवणं माझ्यानं झालं नाही,
एवढंच.

रॉकेलच्या थाळीत सगळं उघडं पडतं.
रबरी वॉशर फुगून गुलाबजाम झालेली.
"पेट्रोलमधला स्पिरिट," परकार म्हणतात, "उसाचा."
माझं माहेर शिरोळ.
मामेभाऊ दर गळिताला फोनवर टनेज सांगतो.
वॉशर चिमट्यात धरून बघत राहते:
असं आहे होय. तू इथवर आलास.

सुया तीन, दाढीच्या ब्लेडच्या जुन्या पाकिटात.
"ही पुस्तकातली. पुस्तक लिहिणाऱ्याच्या
गावातल्या थंडीसाठी.
आपली हवा दमट, तिच्यात दम कमी.
हिला पेट्रोल बेतानंच द्यायचं."
तिसरी निवडतात, नखावरून ओढून बघून.
वरच्या भांड्यात चार थेंब
शिवणयंत्राचं तेल.

मग रबराची नळी.
एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, एक कानाशी.
पुढच्याचा फुसकारा. मागच्याचा फुसकारा.
"सारखे," म्हणतात.

सारखे नाहीत.
मागचा जरा वरच्या पट्टीत, दमेकऱ्यासारखा.
मी बोलत नाही.
ते नळी डाव्या कानाला लावतात, पुन्हा उजव्या,
आणि चेहऱ्यावर ते येतं
जे मी पेशंटच्या नाही, सर्जनच्या चेहऱ्यावर पाहिलंय,
निवृत्तीच्या आदल्या वर्षी.

पर्समधून स्टेथोस्कोप काढते. पुढची चकती काढून नुसती नळी.
"मागचा जास्त ओढतोय."
"किती?"
"एका उसाशाइतका."
ते हसत नाहीत. पाना माझ्या हातात देतात.

नट सहा पैलूंचा. एका वेळी एकच पैलू.
खाली फिरवला की मिश्रण दाट, वर घेतला की पातळ.
मग स्क्रूड्रायव्हरनं पिस्टन केसभर उचलायचा:
इंजिन पळत सुटलं तर जास्त खाल्लंय,
मरायला लागलं तर उपाशी.
किंचित चढून जाग्यावर आलं, तर...
"तर काय?"
"तर हात काढून घ्यायचा."

मला हात काढता येईना.
तीनदा मेली गाडी माझ्या हाताखाली.
तीनदा त्यांनी चावी फिरवली, काही न बोलता.
मेलेल्याला चावी असणं,
केवढी चैन आहे ही, परकार,
तुम्हाला नाही कळायचं.

चौथ्या वेळी, मागच्याला एक पैलू खाली,
आणि मग अर्धा वर, कारण पूर्ण एक फार होत होता.

पोऱ्या कटिंग घेऊन आला.
त्यांनी पेला सरळ इंजिनच्या झाकणावर ठेवला,
चालू इंजिनच्या.
बाहेरून कंटेनर गेला, पूल हलला, पत्रे हलले.
चहावर साय धरत गेली
काठाकडून मध्याकडे, कुठेही न फाटता.

परकार तिच्याकडेच बघत होते.
आवाजाचं त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.